अमेरिकेची निवडणूक, मुक्काम पोस्ट अबुधाबी

एका ऑफिसात दहा-बारा वर्षं काढली की कामाचं फारसं काही आठवत नाही. कुठल्या ड्रॉइंगची कितवी रिव्हिजन कुणी अडवली यावरून आम्ही महिनोन्महिने एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, पण ती ड्रॉइंग्जही आता आठवत नाहीत. लक्षात राहते ती चहाच्या वेळची बडबड. ती आपोआप साठत जाते, आणि एक किस्सा काढला की त्याला धरून दुसरा बाहेर येतो.

आमची बडबड मात्र जरा विचित्र होती. आम्ही बसायचो अबुधाबीत, जिथे आम्हाला मत नव्हतं. ज्या भारतात मत होतं, तिथे मतदानाच्या दिवशी आम्ही कधी नसायचो. आणि वाद घालायचो अमेरिकेच्या निवडणुकीवर, जिथे आमच्यापैकी कुणी पाऊलही ठेवलं नव्हतं!

याला कारण दोन अमेरिकन. आमची कंपनी मुसफ्फाच्या इंडस्ट्रियल एरियात होती, तेलाच्या पाइपलाइनची ड्रॉइंग्ज करून द्यायची. मी तिथे डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे कुठला कागद कुठून आला आणि कुठे गेला हे सांगणारा माणूस. मॅनेजर होता हार्लन. टेक्सासमधल्या एका छोट्या गावचा, बाप्टिस्ट, कट्टर रिपब्लिकन. पाइपिंगचा इंजिनिअर फ्रँक शिकागोचा, कॅथलिक आणि तितकाच कट्टर डेमोक्रॅट. दोघं एकाच कंपाउंडमध्ये राहायचे, एकाच गाडीतून ऑफिसला यायचे आणि गाडीतून उतरताना दोघांचेही चेहरे लाल असायचे.

हार्लनचा सेक्रेटरी डॉमनिक लोपीस, आमचा वसईचा. आणि माझ्या समोरच्या टेबलावर शफीक, बांगलादेशातल्या सिल्हेटचा ड्राफ्ट्समन, शांत आणि पाच वेळच्या नमाजाचा पक्का. सगळे किस्से या चौघांचे. मी आपला कागद सांभाळणारा.

*

हार्लन नवीन आला तेव्हा त्याची पहिली अडचण होती शुक्रवार. तेव्हा इथे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, आणि रविवारी भर कामाचा दिवस. त्यामुळे चर्चची मोठी प्रार्थनाही शुक्रवारीच व्हायची. हार्लननं ठणकावून सांगितलं की देवानं रविवार ठरवला आहे, सरकारी गॅझेटमुळे तो बदलत नाही. मग दर रविवारी सकाळी तो केबिनचं दार लावून अर्धा तास एकटाच बायबल वाचत बसायचा. बाहेर कॉन्ट्रॅक्टर ताटकळत.

तीन महिन्यांनी डॉमनिकला राहवलं नाही. त्यानं सांगितलं की वसईहून आल्यावर त्यालाही हे जड गेलं होतं, तेव्हा फादर म्हणाले होते की देव कॅलेंडर बघत नाही, हजेरी बघतो. हार्लनला ते पटलं की नाही कोण जाणे, पण पुढच्या शुक्रवारी तो चर्चला गेला. शनिवारी ऑफिसात आला. चहाला म्हणाला की चर्चच्या आवारात एका मागोमाग फिलिपिनो, मल्याळी, कोरियन, नायजेरियन अशा प्रार्थना चालल्या होत्या आणि गाडी लावायला जागा नव्हती.

"चाळीस वर्षं मी चर्चला जातोय," तो म्हणाला. "काल पहिल्यांदा माझ्या बाकावर एकही नातेवाईक नव्हता."

डॉमनिकनं त्याला सांगितलं की चर्चला जमीन इथल्या राज्यकर्त्यांनी दिली आहे, आणि सहज विचारलं की अमेरिकेत सरकार अशी जमीन देतं का. हार्लननं ताठ बसून समजावलं की छे, आमच्याकडे धर्म आणि सरकार पूर्णपणे वेगळे, राज्यघटनेतच तसं आहे.

फ्रँक कॉफी ढवळत होता. मान वर न करता म्हणाला, "इतके वेगळे, की चर्चच्या पायरीवरचा फोटो असल्याशिवाय आमच्याकडे नगराध्यक्षसुद्धा निवडून येत नाही."

*

हार्लनला पत्रं लिहायची सवय होती. दर दोन महिन्यांनी तो आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला एक पत्र फॅक्स करायचा. विषय ठरलेला, सीमा ओलांडून येणारे बेकायदा लोक. ज्याच्याकडे कागद नाहीत त्याला देशात एक दिवसही राहू देऊ नये, रांगेत उभं राहून आलेल्यांवर तो अन्याय आहे, वगैरे. टाइप करायचा डॉमनिक, जो स्वतः सोळा वर्षं परदेशात पोट भरत होता. मी एकदा त्याला विचारलं की हे टाइप करताना काही वाटत नाही का.

तो म्हणाला, "सावंत, माझे कागद चोख आहेत. मला वाईट वाटतं ते त्यांच्या स्पेलिंगचं."

एका वर्षी इथल्या सरकारनं बेकायदा राहणाऱ्यांना माफी देऊन देशाबाहेर जायची मुदत दिली होती. सरकारी कचेऱ्यांपुढे ही गर्दी. त्याच दिवसांत आमचा मंदूब, म्हणजे कंपनीचे व्हिसाचे कागद फिरवणारा माणूस, बहिणीच्या लग्नाला गावी गेला, आणि हार्लनचा व्हिसा संपल्याचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. लायसन्सचं नूतनीकरण करायला गेला तेव्हा काउंटरवरच्या माणसानं पासपोर्ट परत सरकवला. डॉमनिकनं तारखा मोजल्या आणि अतिशय अदबीनं सांगितलं, "सर, टेक्निकली तुम्ही तेवीस दिवस इल्लीगल आहात."

हार्लनला इमिग्रेशनच्या कचेरीत स्वतः हजर राहावं लागणार होतं. कागद माझ्या ताब्यात, म्हणून मी बरोबर गेलो. ऑगस्टचं ऊन, आणि रांग इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत. सगळे मजूर, हातात प्लास्टिकच्या पिशव्या. त्यांच्यात सहा फूट दोन इंचांचा, टाय लावलेला हार्लन. आमच्या पुढे एक म्हातारा पठाण होता. त्यानं हार्लनला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "किधर का है?"

एवढं हिंदी हार्लनला येत होतं. तो म्हणाला, "अमेरिका."

पठाणानं त्याचा टाय पुन्हा एकदा न्याहाळला. मग अगदी आतून आलेल्या सहानुभूतीनं म्हणाला, "उधर काम नहीं मिलता?"

मी भाषांतर केलं. हार्लननं थोडा विचार केला आणि मला सांगायला लावलं की मिळतं, पण इथे जास्त चांगलं मिळतं. पठाणानं मान हलवली, "सबका यही हाल है," म्हणाला, आणि सरकून त्याला भिंतीच्या सावलीत जागा करून दिली. चार तास दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते.

काम झालं. दोन महिन्यांनी ठरल्याप्रमाणे पत्र गेलं. डॉमनिकनं मला मुद्दाम बोलावून कॉपी दाखवली. मजकूर तोच होता. फक्त कागद नसलेल्याला 'एक दिवसही' राहू देऊ नये, त्या जागी 'तीस दिवसांपेक्षा जास्त' असं आलं होतं.

*

मग शफीकची लॉटरी लागली. पैशांची नाही, ग्रीन कार्डाची. अमेरिका दर वर्षी सोडत काढून काही देशांतल्या लोकांना कायमचा व्हिसा देते. तेव्हा साध्या कागदावर नाव-पत्ता लिहून, फोटो चिकटवून टपालानं पाठवायचं. शफीकनं गंमत म्हणून पाठवलं होतं.

मला आणि डॉमनिकला वाटलं आपणही पाठवू. तेव्हा फ्रँकनं नियम सांगितला. ज्या देशांतून आधीच खूप लोक अमेरिकेत गेले आहेत, त्यांना या सोडतीत जागा नाही. भारत त्यातच. डॉमनिक दुखावला. "म्हणजे आमच्यातले पुढे गेले म्हणून आम्ही मागे राहायचं?"

फ्रँक म्हणाला, "तुमच्यातले तिकडे जाऊन डॉक्टर झाले, त्याची ही शिक्षा."

शफीकचं पत्र आल्यापासून ऑफिसातल्या राजकारणाला नवीनच जोर आला. फ्रँकनं पहिल्याच दिवशी त्याला समजावलं की बाहेरून आलेल्यांचा, कामगारांचा पक्ष डेमोक्रॅट, तेव्हा नागरिक झाल्यावर मत कुणाला द्यायचं हे आत्ताच पक्कं कर. हार्लननं हे केबिनमधून ऐकलं. तो बाहेर आला, खुर्ची ओढून शफीकपुढे बसला आणि त्यानं अक्षरशः मुलाखत घेतली. दारू पितोस का? नाही. जुगार? तौबा. प्रार्थना? पाच वेळा. आईवडील? ते म्हणतील ते. टॅक्स? शफीकला हा प्रश्नच कळला नाही, कारण त्यानं आयुष्यात टॅक्स भरला नव्हता. मुलंमुली एकत्र नाचतात त्या शाळेत मुलीला घालशील का? शफीक घाबरून माझ्याकडे बघायला लागला.

हार्लन उठला आणि सगळ्या ऑफिसला उद्देशून म्हणाला, "हा माणूस माझ्यापेक्षा जास्त रिपब्लिकन आहे."

फ्रँक म्हणाला, "मग तुझी पत्रं त्याला आत का येऊ देत नाहीत?"

हार्लन म्हणाला की शफीक रांगेतून येतोय, पत्रं रांग मोडणाऱ्यांबद्दल आहेत. दोघांचं जुंपलं ते लंचपर्यंत. मधेच शफीक माझ्या कानाशी वाकला.

"सावंत भाई," तो म्हणाला, "ये दोनों मेरे वोट के लिए लड़ रहे हैं. मुझे तो आज तक किसी ने ये भी नहीं पूछा था कि चाय में शक्कर कितनी."

*

इंटरव्ह्यू इथल्याच अमेरिकन वकिलातीत होता. महिनाभर दोघांनी त्याची तयारी करून घेतली. अमेरिकेत का जायचं आहे, हा प्रश्न येणारच. हार्लननं उत्तर बसवून घेतलं धर्मस्वातंत्र्याचं, फ्रँकनं समान संधीचं. शफीक ड्रॉइंग बोर्डावर वाकून दोन्ही उत्तरं पुटपुटत असायचा. आम्हाला सगळ्यांना ती पाठ झाली.

त्या दिवशी तो परत आला तेव्हा ऑफिसात कुणीही काम करत नव्हतं. त्यानं सांगितलं की खिडकीपलीकडच्या बाईंनी तोच प्रश्न विचारला, आणि त्याला दोन्ही उत्तरांतला एकही शब्द आठवेना.

"मग काय सांगितलंस?" हार्लननं विचारलं.

"सच बोल दिया. मैंने कहा, मॅडम, मेरा नाम निकला."

बाई हसल्या म्हणे, आणि शिक्का मारला.

पुढे प्रश्न आला राहायचं कुठे. तिकडे शफीकच्या ओळखीचं कुणी नव्हतं. हार्लननं दुसऱ्या दिवशी आपल्या भावाचा पत्ता आणून दिला, भावाच्या वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन हवाच होता. शफीक बायको आणि मुलीला घेऊन टेक्सासला, हार्लनच्याच गावी गेला. त्याला विमानतळावर सोडून येताना फ्रँक मला म्हणाला, "सावंत, एक मत गेलं."

*

हा किस्सा माझ्या घरातला. माझी मुलगी केतकी अबुधाबीत जन्मली, इथेच शाळेत गेली. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी. बारावी होऊन घरी कॉम्प्युटरचा कोर्स करत होती. एकदा फ्रँक जेवायला आला होता. पुरणपोळी खाता खाता त्यानं सहज विचारलं की हिचा जन्म कुठला. मी सांगितलं. तो म्हणाला की मग ही सोडतीत बसते. अमेरिकेचा नियम पासपोर्ट बघत नाही, जन्म कुठे झाला ते बघतो. तिच्या नावापुढे भारत येणारच नाही, युनायटेड अरब एमिरेट्स येईल.

माझी बायको सुलभा पोळी वाढता वाढता थांबली. तिला हे काही केल्या पटेना. जिथे जन्मली, तिथे ती आमच्या व्हिसावर राहणारी पाहुणी. तिचा पासपोर्ट ज्या देशाचा, तिथे ती वर्षातून एक महिना सुट्टीला जाणारी. आणि ज्यांनी तिला कधी बघितलंच नाही ते म्हणतात की ही इथलीच.

केतकीनं त्याच आठवड्यात कागद तयार केला. शाळेपासून कुठलाही फॉर्म भरताना 'नेटिव्ह प्लेस'पाशी ती अडायची आणि मला हाक मारायची, मग मी कणकवली सांगायचो. या वेळी हाक आली नाही. मी डोकावलो तर तिनं झरझर लिहून पाकीट बंदही केलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "इट्स द फर्स्ट फॉर्म व्हेअर आय न्यू द आन्सर."

नंबर लागला नाही. पण त्या कागदाची झेरॉक्स तिनं अजून ठेवली आहे.

*

दोन हजार सालची ती निवडणूक आठवत असेल. मतदान झालं, दिवस गेले, आठवडे गेले, आणि एका राज्यातली मोजणी काही संपेना. ऑफिसात हार्लन आणि फ्रँक एकाच टीव्हीपुढे दोन टोकांना बसायचे. आमच्या क्लायंटकडून रोज सकाळी एक स्थानिक इंजिनिअर फोन करून आधी पाइपलाइनचं विचारायचा आणि मग हळूच, "हबीबी, तुमचा प्रेसिडेंट आला का?" हार्लन दर वेळी म्हणायचा, "इन्शाल्ला." बाप्टिस्ट माणसाच्या तोंडी तो शब्द बसला तो तेव्हापासून.

शेवटी डॉमनिकनं तोडगा सुचवला. त्यांच्याकडे ग्रामपंचायतीत एकदा दोघांना सारखी मतं पडली होती, तेव्हा चिठ्ठ्या टाकून शाळेतल्या एका मुलीला उचलायला लावली. पाच मिनिटांत निकाल. दोघं उमेदवार एकाच पॅरिशचे, एकाच चर्चला जाणारे.

फ्रँकनं विचारलं की हरलेल्यानं हे मान्य केलं का.

"एकदम," डॉमनिक म्हणाला. "फक्त पुढची पाच वर्षं तो चर्चमध्ये जिंकलेल्याच्या पुढच्या बाकावर बसला. म्हणजे मिस्सा चालू असताना त्याचं डोकं बघायला नको."

*

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या आधी हार्लन रिटायर होऊन गावी गेला. आणि त्याच सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये जे झालं ते झालं. आमच्या डोक्यात सगळ्यांच्या आधी शफीक आला. डॉमनिकनं तीन दिवस फोन लावला, लागेना. चौथ्या दिवशी लागला तेव्हा शफीक बरा आहे एवढंच म्हणाला.

खरं काय झालं ते त्यानं बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. त्याची बायको डोक्यावरून पदर घेऊन दुकानात गेली होती, तिथे कुणीतरी तिच्या तोंडावर ओरडलं की जा तुझ्या देशात. त्यानंतर ती घराबाहेर पडेना. शफीकनंही शुक्रवारच्या नमाजाला जाणं बंद केलं. मशीद शेजारच्या गावात, वीस मैलांवर.

दुसऱ्या शुक्रवारी दुपारी दारात पिकअप ट्रक उभा राहिला. हार्लन. त्यानं हॉर्न वाजवला आणि खिडकीतून म्हणाला, "आज शुक्रवार ना? यल्ला, चल. मला आता शुक्रवारची सवय झालीय."

त्यानं शफीकला मशिदीपर्यंत नेलं. स्वतः आत गेला नाही. ट्रक फाटकासमोर उभा केला, डोक्यावर हॅट, हातात वर्तमानपत्र, आणि नमाज संपेपर्यंत तिथे बसून राहिला. नाताळपर्यंत दर शुक्रवारी हे चाललं. या प्रवासात त्यानं शफीकपुढे फक्त एकदा राजकारण काढलं, तेही आपलं पत्र वाचून दाखवण्यासाठी. सीमा कडक करा, असंच होतं त्यात.

हे सगळं मी फ्रँकला सांगितलं.

"मूर्ख म्हातारा," तो म्हणाला. "याच्या विरुद्ध मत देणं किती अवघड करून ठेवतो."

*

शफीक दोन हजार चार साली अमेरिकेचा नागरिक झाला, निवडणुकीच्या जेमतेम आधी. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा ऑफिसात फोन आला. डॉमनिकनं स्पीकर लावला. फ्रँकनं नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, मत कुणाला. शफीक म्हणाला, "वो तो सीक्रेट है, फ्रँक साब. मगर एक बात हुई, वो सुनो."

त्यांच्या गावात मतदान बाप्टिस्ट चर्चच्या हॉलमध्ये होतं. शफीक दुपारी वर्कशॉपमधून सुटून गेला तर रांग मोठी, आणि असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ टळत चाललेली. दाराशी केक विकायला बसलेल्या एका आजीबाईंना त्यानं विचारलं की पाच मिनिटं प्रार्थना करायला कोपरा मिळेल का. आजीबाईंनी पास्टरला बोलावलं. पास्टर म्हणाला की चर्चमध्ये प्रार्थनेला परवानगी मागणारा पहिलाच माणूस बघतोय. मग त्यानं विचारलं तोंड कुठे करायचं, आणि शफीकनं बोट दाखवलं त्या दिशेला, मागच्या पॅसेजमध्ये, भिंतीजवळचं छत्र्यांचं स्टँड स्वतः उचलून बाजूला ठेवलं.

शफीकनं जमिनीवर कोट पसरला. समोर एक बंद दार होतं. त्या दाराकडे तोंड करून, हात बांधून तो उभा राहिला आणि नमाज सुरू केला. मागे पावलं वाजत होती, पण नमाजात मागे वळून बघत नाहीत. वाकला, टेकला, उठला, सगळं शांतपणे पुरं केलं. शेवटी उजवीकडे सलाम केला, डावीकडे सलाम केला, आणि मान वळवली तेव्हा त्याला दिसलं.

त्याच्या मागे आठ माणसं एकामागे एक उभी होती. शेतावरून आलेली, बूट धुळीनं भरलेले. सगळ्यांनी हॅट काढून हातात धरली होती आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं.

पहिला माणूस पुढे झुकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सर, लाइन हीच का?"

"मग तू काय म्हणालास?" आम्ही तिघांनी एकदम विचारलं.

"मैंने बोला, जी सर, लाइन तो यही है," शफीक म्हणाला. "वोटिंग बाजू के हॉल में है."